वीण तीच ठेवा, बाणा बदला

सहावीला कार्यानुभव शिकवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न आहे. वर्गात ३२ मुलं. रंगीत कागदाच्या पट्ट्यांची चटई सगळ्यांना जमली. मग पुठ्ठ्याला खाचा पाडून माग केला आणि लोकर दिली, तर एकूण एक तुकडा मधे आवळत गेला, डमरूसारखा. शिलाईचा दोरा दिला, तर तासाभरात बोटभरही विणून झालं नाही आणि मुलं कंटाळली. आता कागद, लोकर, दोरा तिन्ही घेऊन प्रयोग करायचेत, पण आधी नव्या नक्ष्या शिकवू की आणखी काही, हे ठरत नाहीये.

बाई, नक्षीकडे अजून जाऊच नका. एक वर, एक खाली ही साधी वीण आहे तीच ठेवा आणि हातातलं साहित्य बदलत राहा. माझी चोवीस वर्षं हातमागावर गेली, त्यातली निम्मी शिकवण्यात. वीणही नवी आणि साहित्यही नवं असं एकदम दिलं की बिघडलं कशामुळे ते कुणालाच सांगता येत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिले दोन आठवडे मी कुणाला ट्विलचं, म्हणजे तिरप्या रेघांच्या विणीचं, नावही काढू देत नाही. वीण तीच राहिली तर जो फरक दिसतो तो कागदाचा, लोकरीचा नाहीतर दोऱ्याचा असतो. तो मुलं तुमच्याआधी ओळखतील.

पण आधी डमरूचं निस्तरू. माझं मागावरचं पहिलं कापड सुरुवातीला सोळा इंच होतं आणि शेवटी साडेतेरा. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी तो तुकडा माझ्याच मागाच्या चौकटीला टांगला आणि वर्षभर काढू दिला नाही. बसलं की डोळ्यांसमोर तेच. कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. ताणा म्हणजे उभे धागे, ते बांधलेले असतात. बाणा, म्हणजे आडवा धागा, त्यांच्या वरून-खालून नागमोडी जातो. नागमोडी वाटेला सरळ वाटेपेक्षा जास्त लांबी लागते. आपण धागा नेताना तो सरळ दिसावा म्हणून ओढतो, म्हणजे ती जास्तीची लांबी देतच नाही. मग धागा ती कडेच्या ताण्यांकडून वसूल करतो. त्यात लोकर रबरासारखी ताणली जाते आणि सोडल्यावर पुन्हा आखडते, म्हणून दुप्पट आवळते. कागदाच्या पट्टीला अंगचा ताठपणा असतो, ती आखडत नाही. चटई जमली याचं निम्मं श्रेय कागदाला द्यायला हवं.

उपाय सोपा आहे. बाणा आडवा सरळ नेऊ नका, टेकडी करून न्या. कडेला धागा नुसता टेकलेला, मधे चांगला दोन बोटं उंच. मग जुन्या कंगव्याने किंवा जेवणाच्या काट्याने मधून सुरुवात करून कडांकडे दाबत जायचं. टेकडी बसते आणि ती जास्तीची लांबी आपसूक वेटोळ्यांमध्ये जिरते. मोठ्या मागावर कापडाची रुंदी ताणून धरायला दोन्ही टोकांना टाचण्या असलेली लाकडी पट्टी लावतात. पुठ्ठ्यावर तेच काम दोन पेन्सिली करतात. डाव्या-उजव्या कडेच्या धाग्याला लागून एकेक पेन्सिल उभी चिकटवायची आणि बाणा वळवताना पेन्सिलीलाही वळसा द्यायचा. शेवटी पेन्सिली ओढून काढायच्या. ताण्याला मात्र लोकर वापरू नका, तिथे न ताणला जाणारा जाड सुती दोराच हवा.

आता प्रयोगाकडे. प्रत्येक मुलाला एकच माग, त्यावर एकच सुती ताणा, आणि खालून वर चार चार बोटांचे पट्टे: आधी कागद, मग लोकर, मग दोरा. सगळे साध्या विणीचे. विणकर याला नमुना म्हणतात, आणि चांगल्या विणकराकडे कापडापेक्षा नमुनेच जास्त असतात. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकलेल्या विणकर आनी आल्बर्स १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकवायला गेल्या. त्या विद्यार्थ्यांकडून मक्याचे दाणे, गवत, पिळलेला कागद अशा सापडेल त्या वस्तूंमधून कापडाचा पोत उभा करून घेत. बोटांना साहित्याची ओळख पटावी, हा त्यामागचा हेतू.

कागदापाशी थोडं थांबते, कारण त्याला आपण बालवाडीचं साहित्य समजतो. त्याला इतिहासही कारण आहे. जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली बाद ब्लांकेनबुर्गला जी शाळा काढली, जिला पुढे किंडरगार्टन हे नाव पडलं, तिच्या हस्तोद्योगांत कागद विणणं होतं. तिथून ते जगभरच्या बालवाड्यांत गेलं आणि तिथेच अडकलं. पण एक वर्तमानपत्र घ्या आणि मुलांना आधी उभं फाडायला सांगा, मग आडवं. एका दिशेने सरळ, पट्टीसारखी फाटत जाते. दुसऱ्या दिशेने वेडीवाकडी, दातेरी. कागद यंत्रावर तयार होताना त्याचे तंतू बहुतेक एकाच दिशेला पहुडतात, म्हणून हे होतं. सरळ फाटते त्या दिशेने कापलेली पट्टी मजबूत आणि ताठ असते, आडवी कापलेली लुळी पडते आणि लवकर तुटते. हे एकदा हाताला कळलं की पट्ट्या कशा कापायच्या ते सांगावं लागत नाही.

मग पट्ट्या सारख्या रुंदीच्या करणं सोडून द्या. उभ्या चिरा सरळ न मारता लाटेसारख्या मारायच्या, आडव्या पट्ट्या एक बारीक एक रुंद घ्यायच्या. वीण तीच, पण चौकटी फुगतात-आक्रसतात आणि सपाट कागद पोट आल्यासारखा दिसायला लागतो. दोन छायाचित्रं घेऊन एक उभं आणि एक आडवं कापून एकमेकांत विणणं हाही मुलांना वेड लावणारा प्रकार आहे. व्हिएतनाममध्ये जन्मलेला दिन्ह क्यू. ले हा कलावंत लहानपणी नात्यातल्या एका बाईंकडून गवताच्या चटया विणायला शिकला होता. पुढे त्याने तीच वीण छायाचित्रांच्या पट्ट्यांना लावली आणि त्यावरच नाव मिळवलं. कोकणात ज्यांनी माडाचे झाप विणले जाताना पाहिलेत, त्यांना यात काही परकं वाटणार नाही.

कागदाचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र वेगळाच आहे: कागदाचा धागा. जपानमध्ये शिरोइशी या गावाचं नाव त्यासाठी घेतात. तिथल्या कागदी धाग्याच्या कापडाला शिफू म्हणतात. हातकागदाचा ताव घडी घालून त्याला दोन-तीन मिलिमीटरच्या चिरा मारतात, पण कडेपर्यंत जाऊ देत नाहीत. ताव ओलसर करून खरबरीत दगडावर हाताने लाटतात, की पट्ट्या गोल होत जातात. मग दोन्ही कडांना आळीपाळीने, एक सोडून एक, फाडत गेलं की अख्ख्या तावाचा एकच लांब धागा निघतो. वळणावर जिथे फाडलंय तिथे बारीक गाठ राहते. ती बोटांत पिळून घेतात आणि मग चरख्यावर पीळ देतात.

मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा कोरड्या वर्तमानपत्रावर केलं. तीन वेढे दिले की तुटायचं. संध्याकाळपर्यंत हातात राहिली काळी शाई आणि ओटाभर कागदाच्या शेवया. दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्या ओल्या टॉवेलमध्ये रात्रभर गुंडाळून ठेवल्या आणि सकाळी घरातल्या पाट्यावर तळहाताने पुढे-मागे लाटल्या. पाटा टाकीचा होता, टाके लावून फार दिवस झाले नव्हते, म्हणून पकड चांगली मिळाली. पट्टी सुरुवातीला नुसती सरकते, मग एका क्षणी तिची कड आत वळते आणि तळहाताखाली वेताच्या काडीसारखं काहीतरी गोल लागतं. तो क्षण मुलांच्या हाताला मिळाला पाहिजे. शाळेत पाटा नसेल तर पायरीची शहाबादी फरशी चालते, गुळगुळीत टाइल मात्र चालत नाही. कागद भिजवायचा नाही, दमट करायचा. पाणी जास्त झालं की लगदा होतो.

वर्तमानपत्राचा धागा ताण्याला टिकणार नाही, त्याचे तंतू आखूड असतात. जपानी कागद कोझो झाडाच्या सालीच्या लांब तंतूंचा असतो, तरी शिफूतसुद्धा बरेचदा ताणा सुती किंवा रेशमी आणि बाणा कागदाचा घेतात. तुम्हीही कागदाचा धागा बाण्यातच ठेवा. विणून झालेला तुकडा लांबून जाड खादीसारखा दिसतो आणि जवळ गेलं की धाग्यावर अर्धी अर्धी अक्षरं दिसतात. मुलं ती वाचत बसतात, त्यामुळे तास थोडा लांबतो हे धरून चाला. रंगीत क्रेप कागदाच्या मोहात पडू नका. ओल लागली की त्याचा रंग सुटतो, माझी एक पांढरी ओढणी त्यात गेली.

आता लोकर. दुकानात लोकर म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक अॅक्रिलिकचे असतात. वाईट नाहीत, स्वस्त आहेत, रंग सुंदर असतात. पण ती लोकर नव्हे. एक टोक चिमट्यात धरून तुम्ही स्वतः, मुलांना लांब बसवून, काडी लावून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि काळी राख चुरगळते. अॅक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. खऱ्या लोकरीसाठी लांब जायला नको. आपल्याकडे दख्खनी मेंढीची लोकर आहे, धनगर कातरतात, घरात तिचं सूत निघतं आणि सनगर खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात. तिथून मूठभर सूत मिळालं तरी तुमच्या वर्गाला पुरेल.

घोंगडी विणणाऱ्यांकडून शिकायची गोष्ट म्हणजे खळ. लोकरीला लव असते. ताण्याचे धागे शेजारी शेजारी आले की लव एकमेकीत अडकते आणि बाणा घालायला वाटच उघडत नाही. म्हणून चिंचोके दळून, शिजवून त्याची खळ करतात आणि ताणलेल्या ताण्यावर कुंच्याने फिरवतात. लव बसते, धागा ताठ आणि गुळगुळीत होतो. वर्गात दोन वाट्या पाण्यात चमचाभर चिंचोक्याचं पीठ शिजवा, नाहीच मिळालं तर मैदा. एकाच लोकरीचे दोन धागे, एक नुसता आणि एक खळ लावून वाळवलेला, मुलांना डोळे मिटून बोटांत धरायला द्या. कांजी केलेल्या साडीची सवय असलेल्या मुली लगेच ओळखतात.

आणि इथे तुमचा डमरू मुद्दाम करायचा. सुती ताण्यावर चार बोटं अॅक्रिलिक, चार बोटं खरी लोकर, पुन्हा चार बोटं अॅक्रिलिक विणा. वीण सैल ठेवा. मागावरून काढून दोन्ही टोकांना गाठी मारा आणि कोमट पाणी, साबण घेऊन तळहातांनी चोळा. दख्खनी लोकर जाडीभरडी आहे, वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं धीर धरा. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत गुंततात आणि तंतू पुन्हा सुटत नाहीत. मधला पट्टा आटत जातो, कडेचे अॅक्रिलिकचे जसेच्या तसे राहतात. आधी जी चूक होती तो आता आकार झाला. घोंगडी कुणी गरम पाण्यात का धूत नाही, हे मग सांगावं लागत नाही.

दोऱ्याचं दुखणं गणिताचं आहे. तुमच्या पुठ्ठ्यावर खाचा सेंटिमीटरभर अंतरावर असणार. शिलाईचा दोरा मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा जाड. एक सेंटिमीटर उंच भरायला चाळीस-पन्नास फेऱ्या. मुलं कंटाळली यात नवल नाही, मीही कंटाळले असते. यावर एक मार्ग म्हणजे आठ-दहा दोरे एकत्र धरून एकच बाणा करायचा. त्यात प्रत्येक रंगाचा एकेक दोरा घेतला तर लांबून मिसळून तिसराच रंग दिसतो, रंगकामाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही.

पण दोऱ्याला भरणीच्या कामाला लावणं मुळातच त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. तो बांधायला चांगला. चिकाचा पडदा आठवा: बांबूच्या काड्या शेजारी शेजारी आणि त्यांना ठरावीक अंतरावर धरून ठेवणारा दोरा. तेच पुठ्ठ्यावर करा. बोटभर रुंद कागदाची पट्टी, मग दोऱ्याच्या दोन फेऱ्या, मग पिळलेल्या लोकरीची एक जाड ओळ, पुन्हा दोऱ्याच्या दोन फेऱ्या. कागद अंग देतो, लोकर पकड देते, दोरा दोघांना जागेवर ठेवतो. तिन्ही एकत्र कसे आणायचे या तुमच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर हे एवढंच आहे. औरंगाबादच्या हिमरूत हेच तत्त्व मोठ्या कौशल्याने येतं, सुती ताण्यावर रेशमी बाणा. काम कुणी करायचं आणि दिसायचं कुणी, याची वाटणी विणकर आधीच करून ठेवतो.

दोन रंगांची लोकर शेजारी शेजारी आणायची झाली की पैठणी शिकवायला येते. एक रंग मधल्या ताण्यापर्यंत आणून परत वळवा, दुसरा रंग त्याच्या शेजारच्या ताण्यावरून परत वळवा. दहा ओळींनंतर मधे उभी फट दिसेल, बोट आरपार जाईल. आता वळताना दोन्ही धागे एकमेकांत अडकवून परत न्या. फट बंद. पैठणीच्या पदरावरचा मोर असाच होतो. प्रत्येक रंगाची स्वतंत्र छोटी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली कांडी, असते आणि रंग जिथे भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकतात, म्हणून पदर उलटसुलट सारखा दिसतो. मुलांच्या घरी पैठणी असेल तर आईच्या परवानगीने उलटी बाजू बघून यायला सांगा.

एवढं झालं की मग नियम मोडायला द्या. मुंबईच्या मोनिका कोरिया या विणकर कलावंत. मागावर ताण्याचे धागे समान अंतरावर ठेवायला फणी असते. त्यांनी विणता विणता फणीच काढून टाकली. ताणा मोकळा झाला आणि उभे धागे नदीसारखे वळणं घेत जायला लागले. पुठ्ठ्यावर याचं सोपं रूप म्हणजे खालच्या कडेला दर सेंटिमीटरला खाच पाडायची आणि वरच्या कडेला मनाला येईल तिथे, कुठे तीन जवळ, कुठे मोठी जागा सोडून. लोकर ताणा जवळ असेल तिथे दाटते, दूर असेल तिथे सैल लोंबते. पण हा प्रयोग सरळ कडा जमल्यानंतरच. आधी दिला तर मोडलंय काय हेच कुणाला दिसणार नाही.

गोल विणायचं असेल, कागदी ताटलीवर किंवा जुन्या सीडीवर, तर उभ्या धाग्यांचा आकडा विषम ठेवा. पंधरा, सतरा, एकोणीस. सम ठेवला तर दुसऱ्या फेरीत बाणा पुन्हा त्याच धाग्यावरून जातो आणि वीण होतच नाही, नुसतं गुंडाळणं होतं. गावात बुरूडकाम करणारं कुणी असेल तर वर्गाला घेऊन जा आणि टोपलीच्या उभ्या काड्या मोजायला सांगा.

आणि हो, एक राहिलंच. मागासाठी खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घेणार असाल तर त्यातल्या नळ्या ताण्याच्या दिशेने, म्हणजे उभ्या यायला हव्यात. आडव्या आल्या तर ताणा ओढला गेल्याबरोबर पुठ्ठा नळीच्या रेषेवर मोडतो, धागे सैल पडतात आणि मग सगळे दोष लोकरीच्या माथी येतात. खाचा अर्ध्या सेंटिमीटरवर पाडा आणि वर-खाली दोन्ही कडांना कापडी चिकटपट्टी लावून घ्या, नाहीतर चौथ्या मुलाच्या हातून खाच फाटतेच.